फोलेटची गोळी : साधी आणि ‘सक्रिय’

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी पत्नीसह मला भेटावयास आला. विवाहाला वर्ष उलटून गेलें होतें आणि आतां घरांत मूल यावें अशी उभयतांची इच्छा होती. कुशलप्रश्न झाल्यावर त्यानें पिशवींतून दोन पाकिटें काढून माझ्यापुढें ठेविलीं. एक आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळालेल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचें, साधें. दुसरें औषधांच्या दुकानांतून आणलेलें, चकचकीत, आणि त्यावर ‘सक्रिय फोलेट’ असे ठळक शब्द. तो म्हणाला, “गुरुजी, साधी गोळी पुष्कळांच्या अंगाला लागतच नाहीं, उलट रक्तांत सांचून अपाय करते, असें आम्हांला कोणी सांगितलें. म्हणून हिनें ती बंद केली आणि ही दुसरी महिनाभर घेतली. पण ती इतकी महाग कीं पुढें झेपेना. आतां दोन महिने झाले, ही कोणतीच गोळी घेत नाहीं.”

हें शेवटचें वाक्य ऐकून मी चपापलों. मी वैद्य नव्हे. माझें सारें आयुष्य पाढे आणि बाराखड्या शिकविण्यांत गेलें. तेव्हां ‘उद्यांच आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरीणबाईंना भेटा आणि त्या सांगतील तसें करा,’ एवढेंच सांगून मीं त्यांना निरोप दिला. परंतु प्रश्न मनांतून जाईना. साधें फोलेट म्हणजे काय, सक्रिय म्हणजे काय, आणि एकाला चांगलें म्हणतांना दुसऱ्याला विष म्हणण्याइतका आधार खरोखर आहे काय, हें समजून घेण्यासाठीं मीं पुढचे कांहीं महिने वाचनांत घालविले. जेथें अडलें तेथें जाणत्यांना विचारलें. जें हातीं लागलें तें आज आपणांसमोर मांडीत आहें.

या विषयाचा आरंभ आपल्या मुंबईंत झाला, हें वाचून मला प्रथम आश्चर्यच वाटलें. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. त्यांना बोलाविणाऱ्या बाई मार्गारेट बाल्फोर या हिंदुस्थानांतील वैद्यकीय सेवेंत होत्या. कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना त्या काळीं एक विलक्षण पांडुरोग जडत असे. चेहरा पांढराफटक पडावा, पायांना सूज यावी, चार पावलें चालतांच धाप लागावी, आणि बाळंतपण जवळ येतांच पुष्कळजणी दगावाव्या, असा तो प्रकार होता. साध्या पांडुरोगांत रक्तांतील तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. या स्त्रियांच्या रक्तांत मात्र पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचा उलगडा पुढें होईल.

परळच्या हाफकिन संस्थेंत विल्सबाईंनीं काम सुरू केलें. या स्त्रिया काय खातात याची त्यांनीं बारकाईनें चौकशी केली, आणि तसेंच निकृष्ट अन्न उंदरांना देऊन पाहिलें. उंदीरहि पांडुर झाले. कोणालाहि वाटावें कीं कोडें सुटलें. पण पुढें असें आढळलें कीं उंदरांच्या रोगाचें कारण त्यांच्या अंगावरील उवांमधून पसरणारा एक जंतु होता. अन्नाचा दोष त्यांत दुय्यम ठरला. एवढे श्रम वांयां गेल्यावर एखाद्यानें नाद सोडला असता. बाईंनीं उंदीर सोडून माकडें घेतलीं. निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या आणि अगदीं मरणाच्या दारीं टेकलेल्या माकडाला त्यांनीं मार्माइट चारलें. हा यीस्टचा, म्हणजे मद्य आंबविणाऱ्या किण्वाचा, काळपट व खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. वस्तु स्वस्त आणि बाजारांत सहज मिळणारी. माकड सुधारलें. मग तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला, आणि त्याहि बऱ्या होऊं लागल्या. १९३१ सालीं हा वृत्तांत इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील कोणतें द्रव्य हें काम करतें तें तेव्हां ठाऊक नव्हतें. म्हणून पुष्कळ वर्षें त्याला ‘विल्स घटक’ असेंच म्हणत.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचें महत्त्व आजहि कमी झालेलें नाहीं. त्याआधीं, १९२६ सालीं, अमेरिकेंत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनीं एका दुसऱ्या घातक पांडुरोगावर जनावरांच्या यकृताचा उपाय शोधून काढला होता. त्याहि रोगांत रक्तपेशी मोठ्याच दिसत. पण त्या रोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क विल्सबाईंच्या रुग्णांना उपयोगी पडेना. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं रोग सारखे दिसले तरी शरीरांत उणीव दोन निरनिराळ्या द्रव्यांची होती. त्यांपैकीं एक पुढें फोलेट ठरलें आणि दुसरें जीवनसत्त्व ब-१२, जें १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. हीं दोन द्रव्यें शरीरांत शेजारीशेजारी राबतात, आणि एकाच्या कामाचा गवगवा होत असतां दुसऱ्याचा विसर पडणें धोक्याचें असतें. या मुद्द्याकडे मी मागाहून येईन.

१९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनीं चार टन पालक घेऊन त्यांतून या द्रव्याचा अगदीं अल्प अंश वेगळा केला. लॅटिन भाषेंत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नांव पडलें फोलिक ॲसिड; आपण हवें तर पर्णाम्ल म्हणावें. परंतु दर वेळीं गाडाभर पालक वाटून औषध करणें कोणाला परवडणार? ती अडचण लेडर्ले प्रयोगशाळेंतील मंडळींनीं दूर केली. १९४५ सालीं त्यांनीं हें द्रव्य कृत्रिम रीतीनें बनविलें. त्या संशोधनाची धुरा वाहणारे गृहस्थ होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रांतील भीमावरमचे. त्यांच्या घरांत संग्रहणीनें मृत्यु झाले होते, आणि उष्ण प्रदेशांतील त्याच संग्रहणीवर फोलिक ॲसिड उपयोगी ठरलें, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. मुंबईंतील गिरणीकामगार स्त्रियांच्या दुखण्यापासून निघालेला हा धागा एका हिंदी माणसाच्या हातून पुरा झाला, हें शाळेच्या पुस्तकांत कोठें तरी असावयास हवें होतें. मीं तें कधीं शिकविलें नाहीं, कारण मलाच ठाऊक नव्हतें.

आतां फोलेट शरीरांत करतें काय, तें पाहूं. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या गर्भांत डीएनए नांवाचें द्रव्य असतें. त्यांत त्या जीवाचा सारा आराखडा लिहिलेला असतो. पेशी दुभंगून एकाच्या दोन होतांना त्या आराखड्याची नक्कल करावी लागते, आणि त्या नकलेला लागणारीं कांहीं अक्षरें फोलेटच्या साहाय्यावांचून तयार होत नाहींत. फोलेट कमी पडलें कीं नक्कल रखडते. पेशी आंतून फुगत राहते, पण तिचें विभाजन वेळेवर होत नाहीं. गिरणींतील त्या स्त्रियांच्या रक्तपेशी थोड्या आणि मोठ्या कां होत्या, याचें उत्तर हें असें आहे. जेथें पेशींचें विभाजन अत्यंत वेगानें चालतें तेथें ही उणीव प्रथम जाणवते. एक तें स्थान म्हणजे हाडांतील मज्जा, जेथें रक्त तयार होतें. दुसरें आईच्या पोटांतील गर्भ. याच तत्त्वाचा उलटा उपयोगहि झाला. फोलेटच्या कामांत खोडा घालणारें एक औषध वापरून १९४८ सालीं बॉस्टनमध्यें सिडनी फार्बर यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचा रोग कांहीं काळ मागें हटविला. तें औषधहि सुब्बारावांच्याच मंडळींनीं पुरविलें होतें.

गर्भाविषयीं अधिक सविस्तर बोललें पाहिजे, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीचा प्रश्न तेथेंच येऊन ठेपतो. गर्भ राहिल्यावर अगदीं आरंभीं मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जु एका चपट्या पट्टीच्या स्वरूपांत असतो. ती पट्टी दोन्ही बाजूंनीं वळून तिची नळी होते, आणि ही नळी गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत मिटते. ती खालीं उघडी राहिली तर मूल दुभंगलेल्या कण्याचें जन्मतें. त्याचे पाय लुळे असूं शकतात, मलमूत्रावर ताबा राहत नाहीं. वर उघडी राहिली तर मेंदू व कवटी नीट बनतच नाहींत, आणि तें मूल जगत नाहीं. सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं २८ दिवसांत पुष्कळ स्त्रियांना आपणांस दिवस गेल्याची खात्रीहि झालेली नसते. पाळी चुकली, आठ दिवस वाट पाहिली, मग तपासणी केली, मग गोळी आणली, या क्रमानें गेल्यास नळी मिटण्याची मुदत संपून गेलेली असते.

१९९१ सालीं ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांना पूर्वीं असें मूल झालें होतें त्यांना पुढील गर्भधारणेच्या आधींपासून रोज ४ मिलिग्रॅम साधें फोलिक ॲसिड दिलें असतां पुनः तसें मूल होण्याचा संभव ७२ टक्क्यांनीं कमी झाला. पुढच्याच वर्षीं हंगेरींतील प्रयोगानें दाखविलें कीं असा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांनाहि, थोड्या प्रमाणांत फोलिक ॲसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळीचा लाभ होतो. चीनमध्यें १९९३ ते १९९५ या काळांत केवळ ४०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिग्रॅमच्या अर्ध्याहूनहि कमी मात्रेची, गोळी हजारों स्त्रियांना दिली गेली. ज्या उत्तर भागांत हे दोष फार होत तेथें ते जवळजवळ चार-पंचमांशानें घटले. १९९८ पासून अमेरिकेंत पिठांतच फोलिक ॲसिड मिसळण्याची सक्ती झाली. या सर्व ठिकाणीं वापरलेली वस्तु साधें फोलिक ॲसिडच होती, एवढें येथें टिपून ठेवूं.

मग ‘सक्रिय’ म्हणून जें विकलें जातें तें काय? पालेभाजींत असलेलें फोलेट नाजूक असतें. उष्णतेनें, प्रकाशानें, हवेनें तें लवकर बिघडतें. कारखान्यांत बनविलेलें फोलिक ॲसिड टणक असतें, वर्षानुवर्षें टिकतें, आणि म्हणूनच तें स्वस्त पडतें. पण शरीर तें जसेंच्या तसें वापरीत नाहीं. तें आपण कोरडा शिधा समजूं. आंतड्याच्या भिंतींत आणि यकृतांत त्याच्यावर क्रमानें संस्कार होतात, आणि शेवटीं मेथिलफोलेट नांवाच्या रूपांत तें रक्तांतून सर्व शरीरभर फिरतें. हें मेथिलफोलेट म्हणजे शिजलेलें अन्न. दुकानांतील ‘सक्रिय’ गोळींत हेंच शिजलेलें अन्न भरलेलें असतें. तेव्हां ती फसवेगिरी आहे असें मी म्हणत नाहीं. ती शरीराला ओळखीचीच वस्तु आहे. रक्तांतील फोलेटची पातळी ती साध्या गोळीइतकी चांगली वाढविते, कांहीं प्रयोगांत तर किंचित् अधिकच. तक्रार गोळीविरुद्ध नाहीं. ‘तुमच्या घरची चूल पेटतच नाहीं, म्हणून शिधा टाकून द्या,’ असें जें तिच्याबरोबर सांगितलें जातें, तें तपासून पाहिलें पाहिजे.

या म्हणण्याला आधार देतात तो एका जनुकाचा. शिधा शिजविण्याच्या शेवटच्या पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतें. त्याच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें एम.टी.एच.एफ.आर. अशीं आहेत. १९९५ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं या विकराच्या जनुकांत एका ठिकाणीं एक अक्षर बदललेलें पुष्कळ लोकांत सांपडतें. आई आणि बाप या दोघांकडूनहि असें बदललेलें जनुक आलें असेल तर विकराचें बळ बरेंच उतरतें, सुमारें तिसऱ्या हिश्शावर येतें. हे आंकडे ऐकून मनुष्य घाबरेल यांत नवल नाहीं. परंतु विकराचें बळ एक आणि शरीराला मिळणारें फोलेट दुसरें. सारखीच साधी गोळी घेतली असतां, असें दुहेरी बदललेलें जनुक असणाऱ्यांच्या रक्तांतील फोलेट इतरांपेक्षां सरासरीनें अवघें १६ टक्के कमी भरतें. म्हणजे चूल मंद आहे, विझलेली नाहीं. शिवाय उत्तर चीनमध्यें हें बदललेलें जनुक विशेष प्रमाणांत आढळतें, आणि साध्या गोळीचा सर्वांत मोठा विजय त्याच प्रदेशांत झाला, हें आपण नुकतेंच पाहिलें. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्लाहि स्पष्ट आहे : हें जनुक असलेल्या माणसांचें शरीर फोलिक ॲसिडसह सर्व प्रकारचें फोलेट वापरूं शकतें. या कामासाठीं जनुकाची महागडी तपासणी करून घेण्याचें कारण नाहीं.

‘रक्तांत सांचतें’ या बोलण्यांत मात्र सत्याचा अंश आहे. एका वेळीं मोठी मात्रा घेतली तर तिच्यांतील कांहीं भाग न शिजतां तसाच रक्तांत कांहीं काळ आढळतो. त्यापासून निश्चित अपाय होतो असें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. तरी हावरेपणानें गोळ्या खाऊं नयेत यासाठीं प्रौढ माणसानें गोळ्यांतून व मिसळलेल्या अन्नांतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमहून अधिक घेऊं नये, अशी मर्यादा सांगतात. वर सांगितलेली ४ मिलिग्रॅमची मोठी मात्रा ज्यांना पूर्वीं तसें मूल झालें आहे त्यांच्यासाठीं आहे, आणि तीहि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. फेफऱ्यावरील कांहीं औषधें घेणाऱ्या स्त्रियांनींहि आपली मात्रा आपल्या मनानें ठरवूं नये.

सक्रिय गोळी गर्भाचे ते दोष टाळते, असें प्रत्यक्ष प्रयोगानें दाखविलें गेलें आहे काय? नाहीं. आणि तें दाखविणें आतां अवघडहि आहे, कारण साध्या गोळीचा गुण कळून चुकल्यावर कांहीं स्त्रियांना मुद्दाम गोळीवांचून ठेवणें कोणत्याहि सज्जन संशोधकाला करवणार नाहीं. ती निरुपयोगी असेल असें यावरून ठरत नाहीं. कदाचित् तितकीच उपयोगी असेल. पण एकीच्या पाठीशीं एवढा पुरावा आणि दुसरीच्या पाठीशीं केवळ अनुमान असतां, पुरावा असलेली गोळी टाकून देण्याचा सल्ला मला उफराटा वाटतो. ‘शिजलेलें’ फोलेट खरोखर हवें असे रुग्ण आहेत. मेथोट्रेक्सेट नांवाच्या औषधाची मोठी मात्रा दिल्यावर फोलिनिक ॲसिड नांवाचें वेगळें सिद्ध रूप देतात, कारण त्या औषधानें पहिलीच पायरी बंद केलेली असते. तें विकर जन्मतःच जवळजवळ नसलेलीं बालकेंहि क्वचित् जन्मतात, आणि त्यांना मेथिलफोलेट देतात. हे रोगी रुग्णालयाच्या देखरेखीखालीं असतात, जाहिरात वाचून औषध निवडीत नाहींत.

आतां ब-१२ कडे वळूं. मेथिलफोलेट पेशींत शिरल्यावर त्याला आपल्यावरील मेथिलचा भार उतरवावा लागतो; तो उतरला म्हणजेच तें डीएनएच्या कामाला मोकळें होतें. हा भार उतरवून घेणारें एकच विकर आहे, आणि तें ब-१२ वांचून चालत नाहीं. ब-१२ नसेल तर मेथिलफोलेट तेथेंच अडकून पडतें, जसा पैसा पेटींत असावा आणि किल्ली हरवावी. ‘सक्रिय’ म्हणून विकलेली गोळीहि येथें निष्क्रिय होऊन बसते! साध्या फोलिक ॲसिडची गत वेगळी, पण अधिक फसवी. तें या अडथळ्याला वळसा घालून रक्तापुरतें काम साधतें. त्यामुळें रक्त सुधारतें, मनुष्याला हुशारी वाटते. आणि आंत ब-१२ च्या अभावीं मज्जातंतूंचा ऱ्हास तसाच चालू राहतो. १९४० नंतरच्या दशकांत ब-१२ हातीं येण्यापूर्वीं डॉक्टरांना हा कटु अनुभव आला : घातक पांडुरोगाच्या रुग्णांना फोलिक ॲसिड दिलें, रक्त सुधारलें, आणि पाय लटपटूं लागले. तळपायांना मुंग्या येणें, अंधारांत तोल जाणें, विसराळूपणा, हीं लक्षणें असणाऱ्या वृद्धानें ‘शक्तीच्या गोळ्या’ म्हणून नुसतें फोलेट खाणें बरें नव्हे, तें यामुळें.

ही गोष्ट आपल्या लोकांना विशेष लागू आहे. ब-१२ वनस्पतींत नसतें. तें दूध, दही, अंडीं, मासे, मांस यांतूनच मिळतें. पूर्ण शाकाहारी घरांत, आणि विशेषतः जेथें दूध चहापुरतेंच येतें अशा घरांत, त्याची उणीव सर्रास असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांचीं मुलें यांचा दीर्घ अभ्यास चालविला. २००८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें त्या गरोदर मातांपैकीं दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी होतें. फोलेट कमी असलेली माता मात्र एकच सांपडली. आणखी असें दिसलें कीं ज्या मातांचें ब-१२ फार कमी आणि फोलेट फार जास्त, त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या शरीरांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति, जी पुढें मधुमेहाकडे नेऊं शकते, सर्वांत अधिक होती. एवढ्यावरून गोळीनें मधुमेह होतो असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल, आणि फोलेट बंद करणें तर त्याहून चुकीचें. पण सक्रिय कीं साधें या वादांत जो पैसा आणि जी चिंता आपण खर्च करतों, त्यांतील थोडी ब-१२ च्या तपासणीवर खर्च झाली तर ती अधिक सार्थकीं लागेल असें मला वाटतें.

पालेभाज्या व कडधान्यें खाणाऱ्या त्या खेड्यांतील स्त्रियांत फोलेटची वाण नव्हती, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. पालक, मेथी, चवळई, हरभरा, चवळी, मूग, मसूर, शेंगदाणे यांत तें भरपूर असतें. आपल्याकडे भाजी चिरून मग धुण्याची आणि भरपूर पाण्यांत उकडून तें पाणी ओतून देण्याची जी रीत कांहीं घरांत आहे, तिच्यामुळें निम्मेंअर्धें फोलेट मोरींतून वाहून जातें. माझ्या घरींहि तेंच चाले. आतां भाजी धुवून मग चिरली जाते, आणि उकडल्याचें पाणी वरणांत पडतें. तरीहि मूल व्हावें अशी इच्छा असणाऱ्या स्त्रीनें भाजीवर विसंबून राहूं नये. अन्नांतील फोलेट गोळींतल्याइतकें पुरें शोषलें जात नाहीं, आणि त्या २८ दिवसांची मुदत वाढवून मिळत नाहीं.

मात्रेविषयीं थोडक्यांत सांगतों. गर्भधारणेच्या आधींपासून आणि पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. चौथ्या महिन्यापासून सरकारी योजनेंतील तांबडी गोळी मिळते. तींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतें. ती गरोदरपणांत १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज घ्यावयाची असते. शाळांतून आठवड्याला एकदां दिली जाणारी निळी गोळी याच जातीची. मीं स्वतः वर्गांत ती वांटली आहे. मुलें ती गिळल्यासारखें करून खिशांत टाकीत आणि सुटी झाली कीं कुंपणापलीकडे भिरकावीत. मी ओरडत असें, पण त्या गोळींत लोहाशिवाय आणखी काय आहे आणि कशासाठीं आहे, हें मला तेव्हां सांगतां आलें नसतें.

त्या दिवशीं आलेलें जोडपें दुसऱ्याच दिवशीं आरोग्यकेंद्रांत गेलें. डॉक्टरीणबाईंनीं साधी गोळी तत्काळ पुनः सुरू केली, आणि घरांत कोणीच मांस-अंडीं खात नाहीं हें ऐकून ब-१२ ची तपासणीहि करावयास सांगितली. मुलीचें ब-१२ कमी निघालें. सासूबाईंचें तर त्याहूनहि कमी, आणि त्यांच्या पायांना वर्षभर मुंग्या येत होत्या, पण वय झालें म्हणून त्यांनीं कोणाजवळ शब्द काढला नव्हता. दोघींनाहि इंजेक्शनें दिलीं. सध्यां मुलीला पांचवा महिना लागला आहे, आणि सासूबाई सकाळीं काठी न घेतां देवळापर्यंत जाऊन येतात.